चंद्रावरच्या एकराचा सातबारा कोण देणार?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : घणसोली गावठाणात राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचे हे पत्र आहे. त्यांच्या वडिलांची भातशेती नवी मुंबई वसवताना संपादित झाली. पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देणाऱ्या योजनेत मिळालेला भूखंड बिल्डरला विकसनासाठी दिला आणि त्यातून आलेल्या रकमेचा काही भाग मुदत ठेवीत आहे. महाप्याला आयटी कंपनीत असलेल्या धाकट्या मुलाने स्वतःच्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला इंटरनेटवरून चंद्रावरची एक एकर जागा तिच्या नावे ‘खरेदी’ केली, तेव्हा घरात सर्वांना कौतुकच वाटले. आता मात्र ओळखीच्या एका माणसाने त्याला मंगळावरचा मोठा भूखंड तीन लाखांत घेऊन पुढे तुकडे पाडून विकण्याची योजना सांगितली आहे आणि मुलगा ठेव मोडण्याचा आग्रह धरून बसला आहे. आंतरराष्ट्रीय करार देशांना मनाई करतो, माणसांना नाही, असे त्याचे म्हणणे आहे. शिवाय नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको येण्याआधी ज्यांनी इथे जमिनी घेऊन ठेवल्या त्यांचे भलेच झाले, असेही तो म्हणतो. ही मालकी कायद्याने खरी आहे का आणि नातीच्या नावचा एकर मृत्युपत्रात लिहावा का, असे पत्रलेखक विचारतात. “आमची जमीन कायद्यानेच गेली. त्यामुळे ‘कायदा नाही म्हणतो’ एवढ्यावर माझे समाधान होणार नाही,” असेही त्यांनी लिहिले असून प्रमाणपत्राची छायाप्रत सोबत जोडली आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून ठेवतो. चंद्र, मंगळ किंवा अन्य कोणत्याही ग्रहावरच्या जमिनीवर आज कोणाही व्यक्तीची, कंपनीची वा देशाची कायदेशीर मालकी नाही आणि ती पैसे देऊन मिळवण्याची कोणतीही वैध वाट उपलब्ध नाही. ठेव मोडू नका. मात्र एवढे सांगून थांबलो, तर तुमच्या मुलावर अन्याय होईल, कारण त्याचा युक्तिवाद पोरकट नाही. १९८० साली अमेरिकेतील एका गृहस्थाने नेमक्या याच आधारावर चंद्रावर हक्क सांगितला, संयुक्त राष्ट्रसंघाला तसे पत्र पाठवले, उत्तर आले नाही तेव्हा मौन म्हणजे संमती असे मानले आणि एकराच्या हिशेबाने विक्री सुरू केली. तेव्हापासून हा व्यवसाय जगभर पसरला आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

ज्या कराराचा उल्लेख मुलगा करतो तो १९६७ चा बाह्य अवकाश करार होय. २७ जानेवारी १९६७ रोजी तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला अमलात आला. आज ११० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत आणि ज्यांची याने चंद्रावर अलगद उतरली आहेत ते रशिया, अमेरिका, चीन, भारत व जपान हे सर्व त्यात आहेत. भारताने १९६७ मध्येच स्वाक्षरी केली व १९८२ मध्ये करारास अंतिम मान्यता दिली. त्याच्या दुसऱ्या कलमाचा आशय असा की, चंद्र व इतर खगोलीय पिंडांसह संपूर्ण अवकाश हे सार्वभौमत्वाचा दावा करून, वापर करून, ताबा घेऊन किंवा अन्य कोणत्याही मार्गाने कोणत्याही राष्ट्राला आपलेसे करता येणार नाही. या कलमात व्यक्तीचा उल्लेख नाही, हे मुलाचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. चूक होते ती त्याच्या पुढच्या पायरीवर.

तुमच्या वडिलांच्या शेताचा सातबारा आठवा. त्यावर त्यांचे नाव कसे लागले, याचा माग काढत गेलात तर फेरफार, त्यामागे खरेदीखत किंवा वारस नोंद, त्यामागे आधीचा खातेदार, त्यामागे जुनी मोजणी आणि आकारबंद, असे करत करत तुम्ही शेवटी राज्यसत्तेपाशी पोहोचता. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० मध्ये तर स्पष्टच म्हटले आहे की, जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची. खाजगी मालकीच्या प्रत्येक कागदामागे अशी एखादी सत्ता उभी असते, जी तो कागद देते, त्याची नोंद ठेवते, त्यावरचा वाद ऐकते आणि अतिक्रमण झाले तर ते हटवते. स्थावर मालमत्तेचा प्रश्न ती जिथे आहे तिथल्या कायद्याने सुटतो, हे तत्त्व जगभरची न्यायालये मानतात. आता चंद्रावर ‘तिथला कायदा’ कोणाचा? कोणत्याही देशाला तिथे सत्ता स्थापन करता येणार नाही असे सर्वांनी मिळून ठरवले असल्यामुळे, तिथे जमिनीचा हक्क देऊ शकेल असा कोणीच उरत नाही. व्यक्तींना मनाई लिहिली नाही म्हणून परवानगी आहे, असे मुलगा समजतो; प्रत्यक्षात हक्क जिथून निघायचा तो झराच करारानंतर बंद झाला आहे. जो स्वतः मालक नाही तो दुसऱ्याला मालक करू शकत नाही, हा तर आपल्या दुय्यम निबंधकाच्या बाहेर बसणाऱ्या लेखनिकालाही ठाऊक असलेला नियम आहे.

त्याच कराराचे सहावे कलम ही वाट आणखी अरुंद करते. अवकाशात खाजगी संस्था जे काही करतील त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्यांच्या देशावर असते आणि त्या देशाने त्यांना परवानगी देऊन त्यांच्यावर सतत देखरेख ठेवायची असते. म्हणजे जे खुद्द भारत सरकारला करता येत नाही, ते भारत सरकारच्या देखरेखीखाली घणसोलीतल्या नागरिकाला कसे करता येईल? आंतरराष्ट्रीय अवकाश कायदा संस्थेच्या संचालक मंडळाने २००४ साली एक निवेदन काढून, चंद्रावरील जमिनीच्या अशा विक्रीखतांना कायद्याचा आधार नाही, असे स्पष्ट केले.

न्यायालयांपर्यंतही हा विषय गेला आहे. इरॉस नावाच्या लघुग्रहावर मालकी सांगणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाने, २००१ साली नासाचे यान तिथे उतरल्यावर नासाकडे शंभर वर्षांच्या पार्किंगचे २० डॉलर मागितले आणि ते नाकारले गेल्यावर दावा लावला. तो २००४ मध्ये फेटाळला गेला आणि अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. बीजिंगमध्ये चंद्रावरच्या जमिनी विकणाऱ्या कंपनीचा परवाना प्रशासनाने काढून घेतला, तेव्हा तिथल्या न्यायालयानेही प्रशासनाचीच बाजू उचलून धरली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. व्यक्तींच्या मालकीला अगदी शब्दशः मनाई करणारा करार वेगळाच आहे, तो १९७९ चा चंद्र करार. चंद्र व त्यावरील संपत्ती ही अखिल मानवजातीचा सामाईक वारसा आहे आणि तिथली जमीन कोणा देशाची, संस्थेची वा व्यक्तीची मालमत्ता होऊ शकत नाही, असे त्यात नमूद आहे. पण मोजक्याच देशांनी तो पूर्णपणे स्वीकारला. भारताने १९८२ मध्ये स्वाक्षरी केली, अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. त्यामुळे मुलाशी बोलताना या कराराचा आधार घेऊ नका. तो इंटरनेटवर पाहील, भारत बांधील नाही असे त्याला आढळेल आणि तुमचे बाकीचे बरोबर मुद्देही तो बाजूला सारेल. १९६७ चा करार पुरेसा आहे.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. तुमची जमीन कायद्यानेच गेली, हे खरे आहे, आणि ते दुःख कोणत्याही कलमाने भरून येणारे नाही. पण ती जाताना काय काय घडले ते पाहा. संपादनाची अधिसूचना निघाली, निवाडा झाला, मोबदला ठरला, तो अपुरा होता म्हणून प्रकल्पग्रस्त उभे राहिले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. हा सगळा लढा उभा राहू शकला, कारण तुमच्या लोकांचे नाव एका अशा दप्तरात होते की जे शासनालाही नाकारता येत नव्हते. मालकी खरी असली तर ती हिरावून घेणाऱ्यालाही तिच्याशी हिशेब करावा लागतो. मंगळावरच्या त्या भूखंडावर उद्या एखाद्या देशाने खरोखरच यान उतरवले, तर तुमच्या मुलाला नोटीस कोण पाठवणार आणि मोबदला कोणाकडे मागायचा? २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा इस्रोने कोणाही एकरधारकाची परवानगी घेतली नाही आणि कोणी ती मागितल्याचेही ऐकिवात नाही.

शिवाय हा विशिष्ट कायदा कोणाच्या बाजूचा आहे, तेही लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते. १९६७ मध्ये चंद्रावर पोहोचण्याची ताकद फक्त दोन महासत्तांकडे होती आणि आशिया-आफ्रिकेतले अनेक देश नुकतेच पारतंत्र्यातून बाहेर आले होते. जो आधी पोहोचेल त्याची जमीन, हाच नियम तेव्हा राहिला असता, तर चंद्राची वाटणी आपल्याला विचारून झाली नसती. १९६९ मध्ये अमेरिकेने चंद्रावर झेंडा रोवला, पण तो मालकीचा दावा मानला जाऊ नये, असे त्यांच्याच संसदेने कायद्यात लिहून ठेवले. आपण जिथे उतरलो त्या जागेला ‘शिवशक्ती’ हे नाव मिळाले, २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानेही ते मान्य केले, तरी ती जागा भारताची झाली नाही. भारताचे आहे ते तिथे उभे असलेले यान, कारण पाठवलेल्या वस्तूवरची मालकी करारानुसार पाठवणाऱ्याकडेच राहते. ज्या घराने बळकटांनी जमीन घेण्याचा अनुभव घेतला आहे, त्या घराने तरी या नियमाकडे अडथळा म्हणून पाहू नये.

मुलगा कदाचित आणखी एक मुद्दा काढेल आणि तो जास्त वजनदार आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये, लक्झेम्बर्गने २०१७ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये असे कायदे केले की, खाजगी कंपनीने अवकाशातून काढलेल्या खनिजांवर किंवा पाण्यावर तिचा हक्क राहील. चंद्रमोहिमांतल्या सहकार्यासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या ज्या आर्टेमिस करारनाम्यावर भारताने जून २०२३ मध्ये स्वाक्षरी केली त्याचीही भूमिका अशीच आहे की, साधनसंपत्ती काढणे म्हणजे आपोआप जमीन बळकावणे होत नाही. याबद्दल देशादेशांत खरे मतभेद आहेत आणि पुढची काही दशके ते चालतील. पण खोल समुद्रात जाळे टाकणाऱ्याच्या होडीत आलेली मासळी त्याची असते, समुद्र त्याचा होत नाही, हे ठाणे खाडीकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. अमेरिकेच्या त्या कायद्यातही, यामुळे आम्ही कोणत्याही खगोलीय पिंडावर सार्वभौमत्व वा मालकी सांगत नाही, असे कलम मुद्दाम घातलेले आहे. तुमच्या मुलाला विकली जात आहे ती मासळी नाही. समुद्राचा नकाशावर आखलेला चौकोन त्याला विकला जात आहे.

“कायदा उद्या बदलेल, तेव्हा आपला कागद जुना असेल,” हा त्याचा शेवटचा आधार असावा, असे पत्रावरून वाटते. सिडकोच्या आधी जमीन घेणाऱ्यांचे उदाहरण तो त्यासाठीच देतो. त्या लोकांनी घेतलेल्या जमिनीला गट नंबर होता, हद्दीचे दगड होते, तलाठ्याकडे नोंद होती. भाव वाढण्याआधीही ती जमीन त्यांचीच होती आणि तीत भात पिकत होता. इथे मुळात हक्कच नाही, मग त्याचा भाव कशाचा वाढणार? अवकाशातल्या जागांबाबत नवी व्यवस्था आलीच, तर ती प्रत्यक्ष तिथे काम करणाऱ्यांना, आपापल्या देशाच्या परवानगीने, बहुधा ठराविक मुदतीच्या वापराचे हक्क देईल. तुमचा मुलगा ज्या फ्लॅटमध्ये राहतो तो सिडकोच्या भूखंडावरच्या सोसायटीत असेल, तर त्याखालची जमीनही बहुधा ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच आहे आणि तरीही तो तिथे निर्धास्त राहतो, कारण तो हक्क देणारी संस्था ओळखता येते. खाजगी विक्रेत्यांच्या प्रमाणपत्रांना अशा व्यवस्थेत अग्रक्रम मिळण्याचे काही कारण दिसत नाही. त्यांच्यात एक सामाईक नोंदवही नसल्याने, एकच जागा किती जणांना विकली गेली आहे हेही कोणाला तपासता येत नाही.

तुम्ही पाठवलेली छायाप्रत मी भिंगाखाली धरून वाचली. वर नक्षीची किनार, मध्ये नातीचे नाव, अक्षांश-रेखांश, एक क्रमांक आणि उठावाचा शिक्का असे तिचे रूप आहे. विकणाऱ्याला ही जागा कोणाकडून मिळाली, याचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही. खरेदीखतात पहिल्याच पानावर ‘लिहून देणार’ आपला हक्क कसा आला ते सांगतो, चतुःसीमा सांगतो. इथे लिहून देणाऱ्याचा पत्ताही केवळ एक संकेतस्थळ आहे. आणि तळाशी, अगदी बारीक टायपात, ही गमतीखातर द्यायची भेटवस्तू आहे, असे छापले आहे. विक्रेत्यानेच हे लिहून दिले आहे, त्यामुळे वादाच्या वेळी मुलाला सर्वात आधी हीच ओळ दाखवा.

त्याच्याशी बोलताना “फसलास” असे म्हणू नका. वाढदिवसाची भेट म्हणून दिलेले काही हजार रुपये आणि गुंतवणूक म्हणून मागितलेले तीन लाख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल घराने कौतुक केले होते, ते आता मागे घेण्याचे कारण नाही. ज्या घरातून जमीन गेली त्या घरातल्या तरुणाला आपल्या मुलीच्या नावे जमीन असावी असे वाटते, यात मला तरी लोभ दिसत नाही. त्याला सोबत घेऊन त्या ओळखीच्या माणसाकडे जा आणि लेखी उत्तरे मागा. विक्रेत्याला हक्क कोणत्या देशाच्या कोणत्या कायद्याने मिळाला? हा दस्त कोणत्या निबंधकाकडे नोंदवला जाईल? आपल्याकडे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते आणि त्यासाठी ती मालमत्ता निबंधकाच्या कार्यक्षेत्रात यावी लागते. ठाण्यात किंवा वाशीत कोणत्याही कार्यालयाची हद्द मंगळापर्यंत जात नाही. आणि पुढे तुकडे पाडून विकून नफा देऊ, असे तो अनेकांना सांगून पैसे एकत्र करत असेल, तर सेबीची नोंदणी आहे का, हेही विचारा. दहा वर्षांनी विकत घेणारा कोण, या प्रश्नाला “असाच दुसरा कोणीतरी” याखेरीज उत्तर मिळाले नाही, तर मुलाला पुढचे काही सांगावे लागणार नाही. हेच प्रश्न ताऱ्यांना नाव देण्याच्या प्रमाणपत्रांपासून ‘भविष्यातल्या विमानतळाजवळच्या’ बिगर-नोंदणी भूखंडांपर्यंत सर्वत्र विचारता येतात आणि या दुसऱ्या प्रकारात आपल्या भागातली कितीतरी घरे आजही पैसे घालवत आहेत.

मृत्युपत्राचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. तो कागद नातीच्या नावे आहे, म्हणजे वस्तू म्हणूनसुद्धा तो तुम्ही कोणाला देण्याचा नाही, आणि स्थावर मालमत्ता म्हणून तर तो लिहूच नये. एका चुकीच्या नोंदीमुळे बाकीच्या नोंदींबद्दलही शंका निर्माण होतात. तुमच्या मृत्युपत्रात यायला हवे ते गावठाणातले घर, ती मुदत ठेव आणि बिल्डरकडून मिळालेल्या सदनिका असतील तर त्या. दोन साक्षीदारांसमोर सही करा. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेणे हिताचे आहे. गावठाणातल्या अनेक घरांत आजोबांच्या नावानंतर वारस नोंदीच झालेल्या नसतात आणि भावाबहिणींच्या संमतीवाचून पुढे काहीच हलत नाही. मुलाचा जमिनीविषयीचा उत्साह या कामी लावता आला, तर नातीच्या नावे खरोखर काही राहील.

आणि आकाशाची ओढ तिला लावायचीच असेल, तर ती थोडी मोठी झाल्यावर दोघांनी तिला आकाशदर्शनाला घेऊन जा. खगोल मंडळ ही संस्था असे रात्रीचे कार्यक्रम घेते आणि दुर्बिणीतून चंद्रावरची विवरे पाहायला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.

पत्र पोहोचेपर्यंत मुलाने आगाऊ रक्कम दिलीच असेल, तर रागावण्यात वेळ घालवू नका. ऑनलाइन व्यवहार असल्यास त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दलची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. पैसे भरल्याची पावती, मोबाइलवरचे सर्व संदेश आणि ती जाहिरात यांच्या प्रती काढून एका फाइलमध्ये ठेवा. त्या माणसाने तोंडी दिलेली आश्वासने आठवतील तशी तारखेसह लिहून काढा आणि त्यावर मुलाचीच सही घ्या.